शेजारची जागा

मिशनच्या प्राथमिक शाळेतला दिवस डोळे मिटण्यापासून सुरू होतो. घंटा होते, हात लांब करून रांगेतले अंतर घेतले जाते, राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, आणि मग प्रार्थनेसाठी म्हणून बाईंनी नुसता आवाज खाली आणला, की इतका वेळ चुळबुळत असलेले पटांगण हात जोडून उभे राहते. चौथीची मुले सवयीने डोळे मिटतात, दुसरी-तिसरीची जरा जास्तच घट्ट मिटतात. पहिलीतले मूल मात्र एक डोळा किलकिला ठेवून शेजारच्याचे डोळे खरोखर मिटले आहेत का हे पाहून घेते, आणि शेजारचेही त्याच शोधात असल्याने दोघांची नजरानजर होऊन एक दाबलेले हसू रांगेतून सरकत जाते. शिक्षकांना हे ठाऊक असते व बहुधा ते त्याकडे काणाडोळा करतात. ज्या धर्मग्रंथात देवावर प्रीती करण्याच्या आज्ञेला लागूनच शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा येते, त्या ग्रंथाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या शाळेत शेजारी कोण उभा आहे याचे कुतूहल मुलाला वाटावे, हे शिस्तीत बसत नसले तरी शाळेच्या मूळ हेतूच्या फार जवळचे आहे.

त्या वेळी म्हटली जाणारी प्रार्थना पुष्कळदा 'प्रभूची प्रार्थना' असते, म्हणजे येशूने आपल्या शिष्यांना शिकवल्याचे शुभवर्तमानात, येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथात, नोंदलेले आहे ती. ती मिनिटभरात संपते. तिच्यात अन्न मागितले आहे, पण साठवणीचे नाही, त्या त्या दिवसापुरते. क्षमाही मागितली आहे, पण ती आपण इतरांना केलेल्या क्षमेच्या मापाने. आठ वर्षांच्या मुलाला ही दुसरी अट अधिक जड जाते, कारण कालच्या मधल्या सुट्टीत ज्याने पेन्सिल मोडली तोच शेजारी उभा असतो. पहिली मागणी आज पोट भरलेल्या मुलांच्या तोंडी सहज येते, परंतु १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांत आईबाप गमावून मिशनच्या आश्रमांत आलेल्या मुलांनी जेव्हा ती म्हटली असेल, तेव्हा तिच्यातला एकही शब्द अलंकारिक उरला नसेल, हे ध्यानात घेतल्यावाचून या शाळांतल्या प्रार्थनेला इतके वजन कोठून आले याचा उलगडा होत नाही.

मराठी मुलखातल्या अशा शाळांचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईत सापडतो. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये तेथे उतरले, पुढे मुलांच्या शाळा निघाल्या, १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली, आणि १८३१ च्या अखेरीस अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मिशनचे ठाणे पडल्यावर त्या परिसरातल्या खेड्यांपर्यंत शाळा पोचत गेल्या. त्या धर्मप्रसारासाठी काढल्या होत्या आणि हे कोणी लपवलेही नाही. मूल वाचायला शिकले तर बायबल वाचील आणि बायबल वाचले तर ख्रिस्ताकडे वळेल, असा तो सरळ हिशेब होता. हिशेब फारसा जुळला नाही. वाचायला शिकलेल्यांपैकी थोडेच बाप्तिस्म्यापर्यंत, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणाऱ्या जलसंस्कारापर्यंत, गेले आणि बाकीची मुले अक्षर घेऊन आपापल्या वाटेने निघून गेली. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण नगरला सिंथिया फरार या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवीत होत्या, त्या जोतीरावांनी पाहिल्या, १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंना शिक्षिकेच्या कामाचे धडे याच फरारबाईंकडे मिळाले. १८२७ मध्ये अविवाहित स्त्री म्हणून एकटीने मुंबईला आलेल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवलेल्या या बाईंच्या शाळेतून किती मुली ख्रिस्ती झाल्या, हा प्रश्न त्यांच्या वरिष्ठांना महत्त्वाचा वाटला असेल. त्या शाळेच्या उंबऱ्यातून आणखी किती शाळा निघाल्या, हा प्रश्न महाराष्ट्राला अधिक महत्त्वाचा आहे.

मिशनऱ्यांनी आरंभी शिक्षक म्हणून पंतोजीच नेमले, म्हणजे गावोगाव खासगी शाळा चालवणारे परंपरागत शिक्षक, त्यामुळे पुस्तक नवे आले तरी शिकण्याची रीत जुनीच राहिली. मूल धूळपाटीवर, बारीक धूळ पसरलेल्या लाकडी फळीवर, अक्षर गिरवी आणि चुकले की तळहाताने पुसून पुन्हा गिरवी. या धुळीने त्याआधीच एक लांबचा प्रवास केला होता. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मद्रासच्या एग्मोर भागात अँड्र्यू बेल हे पाद्री लष्करातल्या गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांचा आश्रम सांभाळीत होते. तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांनी पाहिली, पुरेसे शिक्षक मिळत नव्हते म्हणून थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे अशी व्यवस्था लावली, आणि विलायतेला परतल्यावर १७९७ मध्ये त्या प्रयोगाची हकीगत छापली. १८११ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या छायेत गरिबांच्या शिक्षणासाठी नॅशनल सोसायटी स्थापन झाली ती याच पद्धतीवर विसंबून. इंग्लंडमध्ये खेडोपाडी चर्चच्या आवाराला लागून उभ्या असलेल्या ज्या प्राथमिक शाळा आज तेथील ग्रामजीवनाचा कणा समजल्या जातात, त्यांच्यापैकी अनेकींच्या पायाशी अशी तामिळ मुलांची वाळू आहे. देवाणघेवाणीचा इतिहास नेहमी एकाच दिशेने सांगितला जातो, म्हणून ही उलटी पावले मुद्दाम न्याहाळावीशी वाटतात.

त्या पद्धतीची स्तुती मात्र जपूनच करायला हवी. शेकडो मुलांना एकच शिक्षक, त्याच्या हाताखाली मॉनिटर म्हणवली जाणारी थोरली मुले, घोकंपट्टी आणि काटकसर असे तिचे रूप बहुतेक ठिकाणी झाले, आणि गरिबाच्या मुलाला स्वस्तातले शिक्षण पुरे, ही समजूत तिच्यामागे होतीच. तरीही त्या काटकसरीतून एक गोष्ट ख्रिस्ती प्राथमिक शाळांत मागे उरली, ती अशी की शिकलेले लगेच दुसऱ्याला द्यायचे असते. चौथीची मुलगी पहिलीतल्या मुलाचा हात धरून त्याला वर्गापर्यंत पोचवते, डबा उघडून देते, बुटाची नाडी बांधून देते, आणि हे करताना आपण एखाद्या मूल्याचे आचरण करीत आहोत अशी तिला पुसटशीही जाणीव नसते.

इंग्लंडच्या आणि नगरच्या शाळेत एक फार मोठा फरक होता. तेथे गरिबाचे मूल गरिबाच्या मुलाशेजारी बसले. येथे कोणी कोणाशेजारी बसायचे हे जन्माआधीच ठरलेले होते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि ते प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले, यावरून सरकारी उंबरठाही किती उंच होता हे समजते. मिशनच्या शाळांनी हा प्रश्न एका फटक्यात सोडवला असे म्हणणे खोटे ठरेल. वरच्या जातींची मुले निघून जातील या भीतीने काही ठिकाणी वेगळ्या रांगा, वेगळ्या शाळा ठेवल्या गेल्या, आणि ख्रिस्ती झालेल्या घरांतही जुनी सोयरीक व जुने विटाळ पुष्कळ वर्षे टिकून राहिले. तरी पण जेथे मुले खरोखर एका तरटावर बसली, एका पाटीवरून वाचू लागली, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात पुस्तक गेले, तेथे जे घडले ते कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठे होते, कारण प्रवचन ऐकून घरी गेल्यावर विसरता येते आणि दिवसभर अंगाला अंग लागून बसल्याची आठवण पुसता येत नाही.

या शाळांत हमखास शिकवली जाणारी एक गोष्ट चांगल्या शोमरोनी माणसाची आहे. वाटेत चोरांनी मारून अर्धमेला करून टाकलेल्या एका यहुदी प्रवाशाला पाहून याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतले दोन प्रतिष्ठित लोक, बाजूने निघून जातात, आणि ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवीत नसत त्या शोमरोनी समाजातला एकजण थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो. सांगणारा शिक्षक शोमरोनी म्हणजे कोण याचा खुलासा करू लागतो तेव्हा शहरी मुलांना तो लक्षपूर्वक ऐकावा लागतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी नेवाशाच्या बाजूच्या एखाद्या महारवाड्यातल्या शाळेत त्या खुलाशाची गरज पडली नसेल. त्या मुलांनी गोष्टीतली बाजू मनोमन आधीच घेतलेली असणार, आणि आपल्यासारखाच एक माणूस पवित्र ग्रंथात मदत घेणारा म्हणून न येता मदत करणारा म्हणून येतो, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकले असणार. मातंग समाजातली मुक्ता साळवे ही मिशनच्या शाळेतली नव्हे, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी; पण मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये छापला तो 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाने. लिहायला शिकलेल्या मुलीला छापणारा सापडावा लागतो, आणि तो सापडला.

खेड्यातली शाळा पुष्कळदा एकाच खोलीची असे. शिकवणारा मास्तरच उपदेशकही असे; आठवडाभर ज्या खोलीत पाढे म्हटले जात तिथेच रविवारी उपासना होई, आणि तिथेच सकाळी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांसाठी रविवारी भरणारा बायबलचा वर्ग, चाले. मास्तरची बायको गावातल्या लेकीसुनांना अक्षरओळख करून देई, बाळंतिणीजवळ बसे, पत्र वाचून दाखवी, पत्र लिहून देई. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, महिन्या-दोन महिन्यांनी फेरीवर आला की मुलांची परीक्षाही घेई आणि भांडणेही मिटवी. अशा ठिकाणी शाळेची भिंत कोठे संपते आणि समाज कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण होते, व आजही ज्या गावांत अशी शाळा टिकून आहे तेथे ते कठीणच आहे. मंडळीतल्या कोणाकडे मृत्यू झाला तर मुले ओळीने जाऊन गीत गातात, पिकाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी घरून आणलेली ज्वारीची कणसे, वांगी, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे ठेवली जातात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या लिलावात एकच भोपळा तीनदा विकत घेऊन तीनदा परत अर्पण करणारे आजोबा पाहिलेल्या मुलाला दान या विषयावर निराळा धडा द्यावा लागत नाही.

वसतिगृहे म्हणजे या जीवनाचा आणखी दाट भाग. तेथे मुलामुलींनी दळायचे, पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, अंगण झाडायचे, भांडी घासायची, आणि कामांच्या पाळ्या जातीवर न लागता वारांवर लागायच्या. झाडणे हे कोणा एकाचे काम असते असे गृहीत धरलेल्या समाजात सोमवारी हा झाडील आणि मंगळवारी तो, असे फळ्यावर लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. एकत्र जेवणे त्याहूनही अवघड. ते किती अवघड होते हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त मराठी वाचकाला नीट पाहायला मिळते. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर दुरावलेल्या आणि पुढे पुन्हा त्यांच्याजवळ येऊन राहिलेल्या लक्ष्मीबाईंचे सोवळे एका दिवसात गळून पडले नाही, ते मन मोडत, घडत सुटले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या त्याच बाईंचे घर पुढे अनाथ मुलांनी भरून गेले. बालकवी ठोंबरेही त्या घरात मुलासारखे राहिले. प्रौढ, करारी, बुद्धिमान स्त्रीला ज्या गोष्टीसाठी इतका झगडा करावा लागला, ती गोष्ट सात वर्षांच्या मुलांकडून पंगतीत बसता बसता होऊन जात होती. लहानपणी शाळा लागते ती यासाठीही.

टिळकांचे नाव निघाले की गाण्याकडे वळावेच लागते. परदेशी चालींवर बेतलेली मराठी गीते आधीपासून होती व ती मुले आवडीने म्हणतही, परंतु टिळकांनी अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाने ख्रिस्तगीते लिहिली, कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनाला ख्रिस्तचरित्राचा विषय दिला, आणि टाळ-पेटीच्या साथीने शाळेची उपासना मुलांच्या आजीला ओळखीची वाटू लागली. 'फुलांमुलांचे कवी' ही टिळकांची ओळख मराठीत रूढ झाली ती उगाच नाही. १८७३ मध्ये मिशनने सुरू केलेल्या 'बालबोधमेवा' या मासिकाशीही त्यांचा संबंध होता, आणि मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम काम आहे असे त्यांना कधी वाटले नाही. फुले आणि मुले यांची जोडी त्या काळच्या दुसऱ्या एका थोर ख्रिस्ती व्यक्तीच्या विचारातही दिसते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना किंडरगार्टन, म्हणजे खेळ, हस्तकौशल्य आणि निसर्ग यांच्या सोबतीने लहान मुलांना शिकवण्याची फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची पद्धत, अभ्यासली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढताना ती सोबत आणली. ज्या मुलींचे बालपण लग्नाने किंवा वैधव्याने हिरावून घेतले होते त्यांच्या हाती रंगीत कागद व माती देण्यात केवढी करुणा होती, याचा विचार रमाबाईंच्या विद्वत्तेची चर्चा करताना मागे पडतो.

नाताळचे नाटक हा या शाळांचा वर्षातला सर्वांत मोठा उद्योग. मेंढपाळांची कामे करणाऱ्या मुलांना नगर जिल्ह्यात वेषभूषा शोधावी लागत नाही. शेजारच्या धनगरवाड्यातून खरी घोंगडी येते, खरी काठी येते, आणि कधी कधी खरे कोकरूही येऊन ऐन वेळी ओरडू लागते. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक मामाचा फेटा बांधतात, देवदूताच्या पंखांना वर्खाचा कागद पुरत नाही, आणि मरीयेची ओढणी निळी असावी यावर बाई ठाम असतात. मेंढपाळ होणारा मुलगा बहुतेक वेळा ख्रिस्ती नसतोच. त्याची आई पहिल्या रांगेत बसून त्याचे एकच वाक्य ओठांनी त्याच्याबरोबर म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी करंजी-केकचे ताट तिच्या घरी जाते व दिवाळीला घेतलेले ताट या निमित्ताने भरून परतवले जाते. वसईत हे चित्र थोडे निराळे. तिथे कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती, शतकानुशतकांची जुनी, शाळा आणि चर्च जवळजवळ, आणि घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी मुले शाळेत प्रमाण मराठी शिकून त्याच मराठीत मिस्साही, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासनाही, ऐकतात.

स्वातंत्र्यानंतर या शाळांची चौकट बदलली. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला, तर २८ व्या कलमाने सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही असे ठरवले. म्हणून बायबलच्या तासाला इतर मुलांसाठी नीतिशिक्षणाचा तास लागतो, आणि एकाच वर्गाची दोन दारांनी विभागणी होते. संमतीची ही अट योग्यच आहे. मुलाच्या श्रद्धेवर शाळेने हात घालू नये. तरी त्या पाऊण तासात एक वर्ग सत्य म्हणजे काय हे एका पुस्तकातून आणि दुसरा दुसऱ्या पुस्तकातून शिकत असताना, घंटा होताच दोन्हीकडची मुले धावत येऊन आपापल्या जोडीदाराशेजारी बसतात, याकडे मूल्यशिक्षणाच्या आराखड्यात कोणी पाहिलेले दिसत नाही. भिंतीवर प्रेम, सेवा, क्षमा, प्रामाणिकपणा असे रंगीत अक्षरांत लिहिलेले असते. ते वाईट नाही, पण मुले ते फारसे वाचत नाहीत.

शाळेत मुले ज्याला कधी हात लावीत नाहीत असे एक पुस्तक असते, ते म्हणजे जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांच्या कपाटातले हे लांबरुंद, कापडी पाठीचे, कडा झिजलेले बाड उघडले की प्रत्येक मुलाला एक ओळ मिळालेली दिसते: नाव, धर्म, जात, अंकी व अक्षरी जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत दाखल, केव्हा व का शाळा सोडली, आणि शेवटी वर्तणूक. वर्तणुकीच्या रकान्यात जवळजवळ सर्वांची 'चांगली' अशी नोंद असते. चार वर्षांच्या सहवासाचे, भांडणांचे, समेटांचे, पंगतींचे आणि पाळ्यांचे सरकारदरबारी एवढेच उरते. खरी किंमत येते ती जातीच्या रकान्याला. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबा-पणजोबांच्या नावाची ओळ शोधत माणसे जुन्या मिशन शाळांत येतात, आणि ती ओळ कोणी कशी लिहिली होती यावर नातवाचे शिक्षण अवलंबून राहते. कोठे नुसते 'ख्रिस्ती' असते, कोठे पूर्वीची जात जोडून लिहिलेली असते, कोठे दोन सख्ख्या भावांच्या नोंदी दोन तऱ्हांच्या असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंना होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना मिळाला नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते, आणि या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये केंद्राने आयोगही नेमला.

जात मानायची नाही असे शिकवणाऱ्या शाळेने ती लिहून का ठेवली, असा आक्षेप घेणे सोपे आहे, आणि ज्यांनी ती लिहिली नाही त्यांच्यामुळे कित्येक मुलांच्या सवलती बुडाल्या हेही तितकेच खरे आहे. त्या काळच्या मास्तरांपैकी ज्याने अभिमानाने फक्त 'ख्रिस्ती' लिहिले त्याने आपल्या श्रद्धेशी इमान राखले. ज्याने जात जोडली त्याला बहुधा बाहेरचे जग अधिक ठाऊक होते. दोघांचाही राग येत नाही. दर जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरताना आई-वडील तो रकाना आला की पेन थांबवून समोर बसलेल्या मुख्याध्यापिकेकडे पाहतात, आणि तिला त्या मुलाचा वर्ग, त्याचे पुढचे शिक्षण आणि आपल्या शाळेची शिकवण या तिन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवून काहीतरी सांगावे लागते.